आवळलेली पायरी

एकदा एका संस्थानी गावात एक वृद्ध शास्त्रीबुवा भाड्याच्या खोलीत राहत असत. एका व्यापाऱ्याची ती दुमजली इमारत. तिच्यात सात बिऱ्हाडे नांदत. शास्त्रीबुवा वरच्या मजल्यावर शिष्यांना न्याय आणि व्याकरण शिकवीत.

त्या घराचे जुने दिवस आठवले की बिऱ्हाडांचे मन अजूनही निवे. व्यापाऱ्याचे वडील दर वैशाखात सुतार आणि गवंडी घेऊन येत. कौलांपासून जोत्यापर्यंत सारे स्वतः ठोकून पाहत, आणि जाताना कुणाच्या तरी ओसरीवर पन्हे पिऊन जात. पुढे कारभार मुलाच्या हाती आला आणि ते येणे थांबले. लाकडी जिना कुजू लागला. सांगायला गेले की मुलगा म्हणे, "बघू, दिवाळीनंतर." अशा तीन दिवाळ्या गेल्या.

वरून चौथी पायरी तडकली, तेव्हा शास्त्रीबुवांनी ती स्वतः काथ्याने आवळून बांधली. दोर सैल झाला की ते पुन्हा बांधीत. शेजारी म्हणत, "केवढी ही सोशिकता!"

एके सकाळी येसूबाई कासारीण पाण्याची घागर घेऊन जिना चढत होती. त्याच पायरीने दगा दिला. मांडीचे हाड मोडले. डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन गावोगावचे बाजार करणारी ती बाई अंथरुणाला खिळली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा एक शिष्य पायरी बांधायला नवा दोर घेऊन आला. शास्त्रीबुवांनी त्याला हातही लावला नाही.

"कागद घे," ते म्हणाले. "न्यायाधीशांना अर्ज लिहायचा आहे."

व्यापाऱ्याने घर दुरुस्त करून द्यावे, ही मागणी त्या अर्जात होतीच. पण पहिलेच वाक्य ऐकून शिष्याचा टाक थांबला. शास्त्रीबुवांनी सांगितले होते, "या अपघातात माझाही दोष आहे."

"गुरुजी, आपला कसला दोष? तीन वर्षे आपण निमूट सोसलेत. तितिक्षा आपणच आम्हाला शिकवलीत!"

"अरे, मी माझ्यापुरते सोसले असते तर ती तितिक्षा ठरली असती. मी पायरी बांधली आणि कुजलेले लाकूड धड दिसू लागले. मालकाला वाटले, चालले आहे. येसूबाईला वाटले, शास्त्रीबुवांनी बांधली आहे, मग भक्कमच असेल. माझ्या शांतपणावर विसंबून तिने पाय टाकला. दुसऱ्याच्या जिवावरचे संकट सोसण्याचा अधिकार मला कुणी दिला होता?"

बाकीची बिऱ्हाडे बिचकली होती. शेट खोल्या रिकाम्या करायला लावील, ही धास्ती. शास्त्रीबुवांनी आधी स्वतःची सही केली. मग एकेकाने केली. येसूबाईने पडल्या पडल्या अंगठा उठवला.

व्यापारी तणतणत आला. "वडिलांच्या वेळेपासून राहता आणि माझ्यावर अर्ज? त्यांच्यावर कधी केला होतात?"

"वेळच आली नाही, बाळ," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांचा आवाज ओलावला होता. "ते फार भले होते. ते करीत त्याला आम्ही उपकार समजत गेलो, आणि इथेच फसलो. उपकार थांबले तर हात जोडून वाट पाहावी लागते. राहत्या घराचा जिना धड असणे हा आमचा हक्क होता, त्यांच्या काळीही आणि तुझ्याही."

न्यायाधीश स्वतः येऊन जिना पाहून गेले. महिन्याच्या आत दुरुस्ती करावी, येसूबाईच्या औषधपाण्याचा भार मालकाने उचलावा, आणि अर्ज केला म्हणून एकाही बिऱ्हाडाला उठवू नये, असा निकाल झाला. सागवानी जिना उभा राहिला. व्यापारी कामावर रोज हजर असे; प्रथम नाइलाजाने, नंतर आपणहून.

चार महिन्यांनी येसूबाई हारा घेऊन बाहेर पडली. पाय लंगडा तो लंगडाच राहिला. शास्त्रीबुवा जिन्याच्या तोंडाशी हात जोडून उभे होते.

"येसूबाई, माझे चुकले."

"चुकलंच तुमचं, बुवा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "व्हा बाजूला आता. ऊन व्हायच्या आत बाजार गाठायचाय मला."

शास्त्रीबुवा मान लववून बाजूला झाले. शिष्याने त्यांच्याकडे पाहिले, आणि गुरूंपाशी इतकी वर्षे शिकून जे कळले नव्हते ते त्याला त्या क्षणी कळले: सोसणे हा सद्गुण खरा, पण ज्याला झळ बसते त्यानेच तो आचरावा, शेजाऱ्याच्या वतीने मुकाट राहणे हा सद्गुण नव्हे.