चिंगाबाईच्या चष्म्याचं घर

या, जवळ या. मांडीवर बसा, नाहीतर मांडीला टेकून बसा. गोष्ट आहे एवढ्याशा बाईची, पण गोष्टीची शेपटी आहे लांब.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिंगाबाई. नाक लांब. शेपूट लांब. बाकी सगळं एवढंसं.

पंचगंगेच्या काठी एक गल्ली होती. तिथं चामड्याच्या चपला शिवायचे. ठक ठक ठक, ठक ठक ठक, दिवसभर चालायचं. त्या गल्लीतल्या एका भिंतीखाली चिंगाबाईचं बीळ. बिळात चार पिल्लं.

चिंगाबाईला जवळचं दिसायचं नाही. अजिबात नाही. म्हणून तिला एक चष्मा होता. काचा केवढ्या? टिकलीएवढ्या.

पिल्लं हुंदडायची. पायात काटे मोडायचे. रोज! मग संध्याकाळी चिंगाबाई चष्मा लावायची. चष्मा लावला, की काटा दिसायचा. काटा दिसला, की चुटकन निघायचा. चष्मा नसता, तर पिल्लं रडत बसली असती. चूं चूं चूं!

एकदा काय झालं, चिंगाबाईला सापडला चामड्याचा तुकडा. एवढुस्सा. छान, तपकिरी.

"माझ्या चष्म्याला घर शिवते!" चिंगाबाई म्हणाली.

सुई आत, सुई बाहेर. सुई आत, सुई बाहेर. झालं घर! चष्मा घरात ठेवला. घर हातात घेतलं. निघाली मिरवायला. तुरु तुरु, तुरु तुरु.

तर घरातून आवाज आला. खर्र! खर्र!

चिंगाबाईनं चष्मा बाहेर काढला. बघते तर काय, एका काचेवर ओरखडा! या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या काचेतून सगळं धुरकट.

"अगं बाई! माझी काच गेली!"

चिंगाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. येणारच की. एवढ्या हौसेनं घर शिवलं, आणि घरानंच काच खाल्ली.

तिनं घरात बोट घातलं. चामडं बाहेरून गुळगुळीत, पण आतून खरखरीत. आणि दोऱ्याच्या गाठी? सगळ्या आत! टोच टोच टोच. उगाच कशाला खोटं बोला, चूक चिंगाबाईचीच होती. घर शिवलं, पण अस्तर लावलंच नाही. अस्तर म्हणजे आतलं मऊ मऊ कापड.

एक काच गेली. एकच उरली. तीही गेली, तर पिल्लांचे काटे कोण काढणार?

चिंगाबाईनं डोळे पुसले. एका हातात चष्मा, एका हातात घर. निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

गेली शिंपी आबांकडे. आबा मशीनवर बसले होते.

"आबा, आबा, कापड कापा!
घराला अस्तर लागेना,
माझ्या चष्म्याचं कसं होणार?"

आबा म्हणाले, "देतो की! पन ही कात्री बघ. बोथट झालीया. नुसती चावतीया, कापत न्हाई. धारवाल्या मामांनी धार लावली, की मी कापड कापतो."

निघाली चिंगाबाई. तुरु तुरु, तुरु तुरु.

गेली धारवाल्या मामांकडे. मामांची सायकल उभी. सायकलवर दगडाचं चाक.

"मामा, मामा, धार लावा!
आबा कापड कापेनात,
घराला अस्तर लागेना,
माझ्या चष्म्याचं कसं होणार?"

मामा म्हणाले, "लावतो की! पन चाकाचा पट्टा तुटलाय. पेडल मारून मारून पाय दुखलं, चाक काय फिरंना. गौराक्कानं पट्टा शिवला, की मी धार लावतो."

निघाली चिंगाबाई. तुरु तुरु, तुरु तुरु.

गेली गौराक्काकडे. गौराक्का चपला शिवत बसायची. पण आज हात रिकामे.

"अक्का, अक्का, पट्टा शीव!
मामा धार लावेनात,
आबा कापड कापेनात,
घराला अस्तर लागेना,
माझ्या चष्म्याचं कसं होणार?"

गौराक्का म्हणाली, "शिवते की गं बाई! पन दोऱ्याला लावायचं मेण संपलंय. बिनमेणाचा दोरा चामड्यात टिकतोय व्हय? तटकन तुटतोय. माशीनं मेण दिलं, की मी पट्टा शिवते."

निघाली चिंगाबाई. तुरु तुरु, तुरु तुरु. गल्ली संपली. शेत लागलं.

गेली मधमाशीकडे. माशी बाभळीच्या फांदीवर बसलेली. पंख मिटून, तोंड पाडून.

"माशी, माशी, मेण दे!
अक्का पट्टा शिवेना,
मामा धार लावेनात,
आबा कापड कापेनात,
घराला अस्तर लागेना,
माझ्या चष्म्याचं कसं होणार?"

माशी म्हणाली, "देते की! पण मेण काय डब्यात भरून ठेवलंय? गोड खाल्लं, की माझ्या पोटावर मेण येतं. आज सकाळपासून मी उपाशी. झेंडूची कळी उमलली, की मी मेण देते."

निघाली चिंगाबाई. तुरु तुरु, तुरु तुरु. पाय दुखायला लागले, पण निघाली.

गेली झेंडूच्या कळीकडे. कळीची मान खाली.

"कळी, कळी, उमल ना!
माशी मेण देईना,
अक्का पट्टा शिवेना,
मामा धार लावेनात,
आबा कापड कापेनात,
घराला अस्तर लागेना,
माझ्या चष्म्याचं कसं होणार?"

कळी हळूच म्हणाली, "उमलते की! पण मला तहान लागलीय. फार तहान लागलीय. नळीनं पाणी सोडलं, की मी उमलते."

चिंगाबाईला तिची फार दया आली. निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

लांब कुठं जायचं नव्हतं. नळी तिथंच होती. काळी, लांबच लांब, झेंडूच्या ओळीत आडवी पडलेली. नळीला बारीक बारीक भोकं. भोकांतून थेंब पडायचे. टप टप, टप टप, प्रत्येक झाडाला. या झाडापाशी मात्र टप नाही नि टुप नाही.

"नळी, नळी, पाणी सोड!
कळी काही उमलेना,
माशी मेण देईना,
अक्का पट्टा शिवेना,
मामा धार लावेनात,
आबा कापड कापेनात,
घराला अस्तर लागेना,
माझ्या चष्म्याचं कसं होणार?"

नळी म्हणाली, "सोडते की! पण या भोकात खडा अडकलाय. एवढा बारीक, की कुणाला दिसतच नाही. खडा बाहेर आला, की मी पाणी सोडते."

चिंगाबाई भोकाजवळ गेली. नाक लावलं.

"खड्या, खड्या, बाहेर ये!
नळी पाणी सोडेना,
कळी काही उमलेना,
माशी मेण देईना,
अक्का पट्टा शिवेना,
मामा धार लावेनात,
आबा कापड कापेनात,
घराला अस्तर लागेना,
माझ्या चष्म्याचं कसं होणार?"

खडा गप्प.

"खड्या, ऐकतोस ना रे?"

खडा गप्प. खडाच तो! त्याला ना कान, ना तोंड. तो काय "येतो की" म्हणणार?

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

चिंगाबाई मटकन खाली बसली. दमली होती बिचारी. घरी पिल्लं वाट बघत असतील. तिला रडू आलं. रडली थोडीशी. आपण नाही का रडत?

मग तिनं हातातल्या चष्म्याकडे बघितलं.

खडा बारीक. कुणाला दिसत नाही. पण चष्म्यातून दिसेल की!

फक्त चष्मा खड्याच्या अगदी जवळ न्यायला हवा. आत पाणी जोरात ढकलतंय. खडा उडाला तर? उडून उरलेल्या काचेवर बसला तर? मग तीही गेली! चिंगाबाईला भीती वाटली. खूप खूप भीती वाटली.

तरी तिनं चष्मा लावला.

खाली वाकली. एका काचेतून धुरकट. दुसऱ्या काचेतून... दिसला! तो बघा खडा! पांढरा, खसखशीएवढा.

चिंगाबाईनं खडा नखांत धरला. ओढला. येईना.

पुन्हा ओढला. येईना.

पाय रोवले, शेपूट ताठ केलं, आणि ओढला. हं... हं... हंऽऽऽ...

टुक्! खडा उडाला.

टण्! काचेवर बसला.

चिंगाबाईनं डोळे गच्च मिटले. उघडायची हिंमतच होईना. मग हळूच एक डोळा उघडला. धुरकट! दुसरा डोळा उघडला.

लख्ख! सगळं लख्ख!

खडा बसला होता तो आधीच ओरखडा पडलेल्या काचेवर. चांगली काच चांगलीच राहिली! चिंगाबाई हसली, नि हसता हसता पुन्हा रडली.

मग काय विचारता!

टप टप, टप टप, नळीनं पाणी सोडलं.

कळी पाणी प्यायली. गट गट गट. मान वर केली. एक पाकळी उघडली, दोन पाकळ्या उघडल्या, भराभरा सगळ्या उघडल्या. कळी उमलली! पिवळीधमक.

गूं गूं गूं, माशी आली. गोड गोड खाल्लं. पोटावर मेण आलं. माशीनं मेण दिलं.

चिंगाबाई मेण घेऊन पळाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

गौराक्कानं दोरा मेणावरून ओढला. सर्र, सर्र. सुई आत, सुई बाहेर. अक्कानं पट्टा शिवला. "तुटतोय का बघू आता!" म्हणाली.

मामांनी पट्टा चाकावर चढवला. पेडल मारलं. गर्र गर्र, गर्र गर्र. ठिणग्या उडाल्या, चिंगाबाई लांब सरकली. मामांनी धार लावली.

आबांनी कात्री हातात घेतली. चिंध्यांचं बोचकं सोडलं. त्यातून मखमलीचा तुकडा काढला. लाल लाल, मऊ मऊ. कच कच कच! आबांनी कापड कापलं.

"आबा, जरा लहान झालं का हो?" चिंगाबाई घाबरली.

"लहानच पायजे, चिंगे. अस्तर घरापेक्षा थोडं लहान कापायचं. मोठं कापलं, तर आत गोळा हुतंय."

आबांनी कापडाची कड दुमडली. सगळ्या गाठी चामड्याच्या नि कापडाच्या मधे लपवल्या. एकही गाठ आत टोचेना, एकही बाहेर दिसेना.

घराला अस्तर लागलं!

चिंगाबाईनं चष्मा आत ठेवला. घर कानाशी धरलं. हलवलं. आवाज? काही नाही!

"आबा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"ते ऱ्हाऊ दे. पोरं वाट बघत असतील. पळ!"

पळाली चिंगाबाई. तुरु तुरु, तुरु तुरु, थेट बिळात.

चारही पिल्लं रांगेत बसली होती. पाय पुढे करून. "आई, काटा! आई, काटा!"

चिंगाबाईनं चष्मा लावला. घर बाजूला ठेवलं. पहिल्या पिल्लाचा काटा काढला. चुट्! दुसऱ्याचा काढला. चुट्! तिसऱ्याचा काढला. चुट्!

आणि चौथं कुठं गेलं?

इकडे बघितलं, नाही. तिकडे बघितलं, नाही. आणि घराकडे बघितलं, तर घरातून एक शेपटी बाहेर! आणि एक पाय.

धाकटं पिल्लू चष्म्याच्या घरात शिरलं होतं. मऊ मऊ अस्तरावर गाढ झोपलं होतं.

चिंगाबाईनं बाहेरचा पाय हळूच धरला. न उठवता काटा काढला. चुट्!

मग चष्मा कुठं ठेवायचा? चिंगाबाईनं नाकावरच राहू दिला. चष्मा लावून पिल्लाकडे बघत बसली. एका काचेतून धुरकट, आणि एका काचेतून लख्ख.

श्श! हळू बोला. पिल्लू अजून झोपलंय.