ग्रंथकाराच्या हातची गाठ

एका राज्यात वज्रधर नावाचा राजा राज्य करीत होता. तो ग्रंथकारांना फार मानी. कुणी थोर ग्रंथ लिहिल्याचे कानी आले, की राजा अनवाणी त्याच्या गावी जाई. परतताना पोथी पालखीत बसे आणि राजा शेजारून चाले. अशा तीनशे पोथ्या त्याने जमवल्या. त्यांतली एकही वाचली नव्हती.

हसू नका. त्या राज्याची रीतच अशी, की पोथी तांबड्या फडक्यात बांधायची आणि वरची गाठ ग्रंथकाराने स्वतःच्या हाताने मारायची. थोर माणसाच्या हातची गाठ आपण कशी सोडावी, असे राजाला वाटे. तो रोज स्नान करून पोथ्यांवरची धूळ झटकी, प्रत्येकीला नमस्कार करी. कुठला ग्रंथकार कुठल्या गावचा, हे त्याला तोंडपाठ होते. एवढा आदर करायलाही छाती लागते.

एके दिवशी कुंदवल्ली दरबारात आली. वय ऐंशी. ती ग्रंथ लिही आणि जादूही जाणे. तिची पाळलेली साळुंकी खांद्यावर होती.

"राजा, माझी पोथी नेऊन बारा वर्षे झाली. कशी वाटली?"

राजा खोटे बोलत नसे. "माते, गाठ सोडलेली नाही."

"का? हात मोडले होते?"

"गाठ तुमच्या हातची होती."

"मग मी काय पोथी पूजेला दिली होती?" म्हातारी कडाडली. "माझे बोलणे तू बांधून ठेवलेस. आता तुझ्या लेकीचे बोलणे बांधले जाईल."

राजकन्या पद्मरेखा शेजारीच बसली होती. तिची वाचा गेली. पायांची बोटे दगडाची झाली आणि दगड वर चढू लागला.

राजा सिंहासनावरून उतरला. "उपाय सांगा."

"तीन दिवस, तीन पोथ्या. पहिल्या दोन तू निवड, तिसरी माझी. पारख साळुंकी करील. तिसऱ्या संध्याकाळी दगड डोक्यावरून जाईल."

राजाला वाचन बेताचेच येई. अक्षराखाली बोट धरून, मोठ्याने. प्रधान म्हणाला, "महाराज, शास्त्रीबुवा वाचतील आणि सार सांगतील."

"अपराध माझा आहे. वाचीन मी."

पहिली पोथी एका नावाड्याने लिहिलेली. गाठ सुटताच पानांतून समुद्र निघाला. दरबारात कमरेएवढे पाणी झाले. राजकन्येला चौथऱ्यावर बसवून राजा पाण्यात उभा राहिला आणि दिवसभर वाचत राहिला.

"कशी वाटली?" साळुंकीने विचारले.

"अलौकिक!"

"हे तर तू न वाचताही म्हणायचास."

राजा वरमला. मग म्हणाला, "नावाडी बायकोसाठी मोती जमवतो आणि घरी जातच नाही. मला त्याचा राग आला."

"हं. वाचलीस खरी."

पाणी ओसरले. दगड मात्र गुडघ्यांवर चढला होता.

दुसरी पोथी लोहाराची. तिची पाने निखाऱ्यासारखी तापलेली. राजाच्या बोटाला फोड आले, तरी बोट उचलले नाही. संध्याकाळी तो म्हणाला, "मधल्या चाळीस पानांत फार पाल्हाळ आहे."



"एवढ्या थोर माणसाला नावे ठेवतोस?" साळुंकी म्हणाली.

"दिवसभर तो माझ्याशी मनापासून बोलला. त्याच्याशी तोंडदेखले कसे बोलू?"

साळुंकीने मान डोलावली. दगड छातीशी आला.

तिसरी पोथी कुंदवल्लीची. तिची अक्षरे मुंग्यांसारखी पळत. राजा फोड आलेल्या बोटाने एकेक अक्षर दाबून धरी आणि वाची. एक म्हातारी शंभर कोस चालून लेकाच्या घरी जाते. लेक दार उघडत नाही. ती उंबऱ्याशी बसते. तिथे पाने संपली.

दगड राजकन्येच्या हनुवटीला टेकला होता. या वेळी साळुंकीऐवजी कुंदवल्लीने स्वतः विचारले, "शेवट कसा वाटला?"

"माते, शेवट तुम्ही लिहिलेलाच नाही."

"सुचला नाही," म्हातारी हळू म्हणाली. "म्हणून तर तुला दिली. म्हटले, राजा वाचून काही बोलेल."

राजाने मान खाली घातली. मग लेकीकडे पाहिले आणि ठामपणे म्हणाला, "ती उठून जाईल. शंभर कोस चाललेली बाई बंद दाराशी बसून मरायची नाही."

दगड तडकला आणि खाली गळून पडला. पद्मरेखा उभी राहिली.

"मला नाही पटत, बाबा."

"काय?"

"ती जाणार नाही. दार फोडील."

"कशाने फोडील? म्हातारी आहे ती."

"चौथ्या पानावर तिच्या कमरेला कोयता आहे. तुम्हीच वाचलेत."

"तो वाटेतल्या काट्यांसाठी!"

"असे कुठे लिहिले आहे? दाखवा."

राजाने पाने उलटायला घेतली. त्याच दिवशी हुकूम निघाला, की उरलेल्या सगळ्या गाठी सोडाव्यात आणि यापुढे कुणी पोथी बांधून देऊ नये. दिवे लागले तरी बापलेकीचे भांडण मिटेना. कुंदवल्ली दोघांच्या मधे मांडी घालून बसली होती. साळुंकीने काही बोलायला चोच उघडली, तेव्हा म्हातारीने तिला दटावले.

"गप. ऐकू दे मला."