टाकीचे झाकण

एकदा एक निवृत्त गृहस्थ आपली जुनी मोटार घेऊन एका वृद्ध वस्तादांच्या गॅरेजात आला. मोटार काही अंतर झकास धावे, मग अडखळून बंद पडे आणि थोडा वेळ थांबले की पुन्हा निमूट सुरू होई. शेजारच्या सीटवर त्याची पत्नी बसली होती. तिची स्मृती गेली होती. नवऱ्यालाही ती ओळखत नसे. दिवसभर भेदरलेली असे, पण संध्याकाळी या मोटारीत बसली की शांत होऊन गुणगुणे. परवा गाडी भर रस्त्यात बंद पडली, तेव्हा मात्र ती दार उघडून धावत सुटली होती. "दुरुस्त झाली नाही, तर विकूनच टाकतो," गृहस्थ म्हणाला.

वस्तादांनी गाडी शिष्याच्या हाती सोपवली. शिष्य हुशार आणि, हुशार माणसे असतात तसा, जरा उतावळा. त्याने कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोलचा पंप बदलला, फिल्टर नवा घातला. गॅरेजात गाडी शहाण्यासारखी वागे. रस्त्यावर गेली की पहिले पाढे पंचावन्न. शेवटी त्याने हात टेकले. त्या बाईंचे गुणगुणणे आपल्यामुळे थांबणार, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

मग वस्ताद स्वतः शिष्याला घेऊन त्या नवरा-बायकोबरोबर गाडीत बसून निघाले; गाडी गृहस्थच चालवत होता. अवजारांची पेटी त्यांनी घेतलीच नाही. गावाबाहेर गाडी अडखळून थांबली. शिष्याने धावत जाऊन बॉनेट उघडले. वस्ताद मात्र मागच्या बाजूला गेले आणि त्यांनी पेट्रोलच्या टाकीचे झाकण फिरवले. सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला.

"करा सुरू," ते म्हणाले. गाडी लगेच सुरू झाली.

"आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी," वस्ताद शिष्याकडे पाहून हसले. झाकणाच्या आत सायकलच्या ट्यूबची चकती घट्ट बसवलेली होती.

"हिला पेट्रोलच्या वासानं मळमळतं," गृहस्थ ओशाळून म्हणाला. "म्हणून मीच बसवली."

"मायेपोटीच केलंत. पण झाकणाला बारीक भोक असतं. जेवढं पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट बुजली, की टाकी भरलेली असूनही तिला देता येत नाही. थांबल्यावर कुठून तरी हवा झिरपते, म्हणून गाडी परत चालते." वस्तादांनी त्याच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहिले. "साहेब, तुम्ही निवांत कधी झोपला होतात?"

"हिची बहीण रोज विचारते, दुपारी येऊन बसू का. मी नको म्हणतो. आपल्या माणसाचं आपणच करावं."

"कराच. पण त्यांना येऊ द्या. देणाऱ्यालाही हवा लागते."

गृहस्थ स्टिअरिंगवर डोके टेकून रडू लागला. पत्नीने त्याच्याकडे परक्यासारखे पाहिले, मग पदराने त्याचे डोळे पुसले. "रडू नका हो," ती म्हणाली, "आमचे हे येतील आता. ते सोडतील तुम्हाला घरी."

"येतील," तो म्हणाला. "आणि उद्या दुपारी तुझी बहीणही येणार आहे."

शिष्याने आवाज न करता बॉनेट लावले. इतके दिवस आपण इंजिनच पाहत होतो, चालवणाऱ्याकडे एकदाही पाहिले नाही, हे त्याला उमगले.