रिकामी जागा

सांगलीत पराशर नावाचा एक सजावटकार होता. लोकांच्या खोल्या भरण्याऐवजी तो त्या रिकाम्या करून देई. त्याचा शब्द मोडायची बड्याबड्यांची छाती होत नसे.

हेमंतने त्याला आईची, द्वारकाबाईंची, झोपायची खोली दाखवली. वडिलांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. पराशरने आरसा, घड्याळ आणि पडदे काढायला लावले. द्वारकाबाईंनी पडद्यांच्या घड्या घातल्या. मग त्याने जोडपलंगाला हात लावला.

"हा हलवा. एकट्या बाईला एवढा पलंग कशाला? अरुंद खाट पुरे."

"तेवढा राहू द्या हो," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काकू, यातलं तुम्हाला कळायचं नाही. खोलीतली सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे रिकामी जागा. ती जपायची असते."

"आई, ऐक ना त्यांचं," हेमंत म्हणाला.

द्वारकाबाई पलंगाच्या दाराकडच्या कडेला, आपल्या रोजच्या जागी बसल्या. शेजारच्या अर्ध्या भागावरच्या चादरीला एकही सुरकुती नव्हती.

"ही बाजू ह्यांची. ते गेल्यापासून इथं मी काही ठेवलं नाही, झोपेत तिकडं कूससुद्धा वळवत नाही. तुमच्याआधीपासून जपतेय मी. याहून रिकामी जागा तुम्ही मला कुठून आणून देणार?"

पराशरने मापाची टेप गुंडाळून खिशात घातली आणि तो बाहेर गेला.

हेमंत आईजवळ बसायला पलंगाकडे आला. ती चादर पाहून थांबला, आणि खाली फरशीवर तिच्या पायांशी बसला.