मिटलेले ओठ

"...मग विसरणाऱ्या माणसाच्या आतली अक्षरं पुसली जातात का रे?" गोदाक्कांनी विचारलं.

"पुसली नाही जात, अक्का. पानं मिटतात."

डॉक्टर हर्षवर्धन मगदूम हसला. विसरत जाण्याच्या आजारावर त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. लहानपणी याच मठात, अक्कांपुढे पाटी घेऊन बसायचा. आज ताठ बसला होता. कौतुकाचं ओझं मानेवर असलं की माणूस ताठच बसतो.

"मेंदूच्या पेशीत भट्टी असते. खाल्लेलं अन्न तिथं जळतं. त्याच जळण्यातून जनुकांवर खुणा उमटतात. कुठलं पान उघडं, कुठलं मिटलेलं. भट्टी मंदावली की खुणा चुकतात, नको ती पानं मिटतात. आणि भट्टी राखायची विद्या त्याच पानांत! मग ती आणखी मंदावते. हे मी सिद्ध केलं."

"तू केलंस."

"मीच."

"आणि तुझी आई?"

"अन्न घेत नाही. मला ओळखत नाही. चांगल्यातली चांगली बाई ठेवलीय भरवायला. घास नेला की ओठ घट्ट. उद्या नाकातून नळी घालायची." त्याचा आवाज खाली आला. "आत कुणी उरलं नाही, अक्का."

"मग ओठ कोण मिटतं?"

अक्कांनी झुणका-भाकरी वाढून ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"मला नको. तुम्ही जेवा, दुपार टळली." त्यानं ताट परत सरकवलं.

अक्का हलल्या नाहीत.

"हट्ट करू नका या वयात." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला, त्यांच्या तोंडाशी नेला.

अक्कांनी ओठ मिटले. घट्ट. मान वळवली.

हात तसाच हवेत राहिला...

अशी वळवलेली मान त्यानं लहानपणी दारातून पाहिली होती. तो शाळेतून येईपर्यंत आई चुलीपुढे उपाशी बसायची. शेजारणी हसत घास पुढे करायच्या, ती ओठ मिटायची. ती ठणकावून सांगायची, "पोर जेवल्याशिवाय घास नाही. माझा नेम आहे!"

"पण अक्का... तिला माझं नावसुद्धा आठवत नाही."

"नाव कोण मागतंय तुला?"

"ती बाई तिला वेळेवर भरवते. मी असतो दवाखान्यात..."

अक्कांनी भाकऱ्या फडक्यात बांधल्या, गाठ मारली, गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"तिच्यासमोर मांडी घालून बस. आधी तू जेव."