लाखेची मोहर आणि लाकडी चाक

फार वर्षांपूर्वी, राजे स्वतः बांधावर उभे राहून पीक बघत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती चाकांसाठी ऐकावी, मोठ्यांनी तिच्यातल्या माणसांसाठी.

त्या राज्यात एका तळ्याच्या पाण्यावर दोन गावं जगत, एक वरचं आणि एक खालचं. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं हे गावचा पाटकरी ठरवी आणि मगच पाटातलं पाणी अडवणारी फळी उचली. अंदाजाने पाणी सोडलं की डोकी फुटत. म्हणून राजाने रीतच घालून दिली होती, की गणितपेटीने आकडा दिल्याशिवाय फळी उचलायची नाही. आज तुमच्या टेबलावर संगणक असतो ना, तशी पाटकऱ्याच्या ओट्यावर ही पेटी असे. आत दातेरी चाकं, बाहेर एक मूठ. मूठ फिरवली की झरोक्यात आकडा दिसे.

एका वर्षी दोन्ही गावांच्या पेट्या झिजून निकामी झाल्या. वरच्या गावच्या पाटकऱ्याने सरळ राजधानी गाठली आणि तयार पेटी घेऊन आला. काळीभोर शिसवी पेटी, झाकणाच्या फटीवर लाखेची लाल मोहर. व्यापाऱ्याने बजावलं होतं, "मोहर शाबूत आहे तोवर बिघाड माझा. मोहर फुटली, की तुमचं तुम्ही बघा."

खालच्या गावी पाटकरीण होती. बापाचं काम तिच्याकडे आलं होतं. तिने ठरवलं, पेटी आपणच जोडायची. चाकं तांबटाकडून, कणे लोहाराकडून, खोकं सुताराकडून. जोडता जोडता तिला त्याची गोडीच लागली. एक चाक बसलं की त्याहून गुळगुळीत कुठे मिळतं याची चौकशी सुरू. नवं चाक आलं की जुना कणा त्याला बारीक पडे, मग कणाही नवा. गहू पोटरीत आला, ओंब्या फुटायला आल्या तरी बाईंची पेटी चादरीखालीच.

तोवर आकडा मागायला तिला वरच्या गावी जावं लागे. तिथला पाटकरी मूठ फिरवी आणि मिशीत हसे. "काय अक्का, झाली का पेटी? का नातवंडांसाठी चाललीय?" ती आकडा घेऊन परत येई. तिला भारी राग येई, आणि त्या रागात ती आणखी एखादं चाक मागवी.

खरं तर पेटी चालत होती. दार लावून तिने मूठ फिरवून पाहिली होती आणि आकडा बरोबर आला होता. पण एक चाक अजून लाकडी होतं, आणि ते करकरायचं. "पितळी चाक आलं की काढीन बाहेर," असं ती स्वतःला सांगे. लोक हसतील ही भीती मात्र ती स्वतःलाही सांगत नसे.

गव्हात दाणा भरू लागला. शेवटच्या पाण्याची वेळ आली, ऊन तापलं, आणि नेमकी वरच्या गावची पेटी अडकली. मूठ तसूभर हलेना.

"मोहर फोडा, आत बघा," लोक म्हणाले.

"फोडली तर व्यापारी हात वर करेल," पाटकरी म्हणाला आणि त्याने राजधानीला माणूस धाडला. माणूस काही परत येईना. दोन्ही गावांच्या फळ्या खालीच राहिल्या. पाटाच्या टोकाचा गहू माना टाकू लागला.

त्या टोकाला ज्याचं शेत होतं, तो म्हातारा शेवटी पाटकरणीच्या दारात आला. त्याने चादरीकडे बोट केलं.

"पोरी, हिच्याखाली काय आहे?"

"पेटी आहे, बाबा. पण अजून पुरी नाही. एक चाक लाकडी आहे."

"आकडा देते?"

"देते. पण करकरते फार."

"मग करकरू दे की! माझा गहू काय कान देऊन बसलाय?"

पाटकरणीला मान वर करवेना. तिने पेटी उचलली आणि सगळ्यांदेखत पाटावर नेली. पेटी अशी करकरली की पोरं पोट धरून हसली. पण झरोक्यात आकडा आला, तिने फळी उचलली, आणि मग चाकाकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे पाणी बघत होते.

वरचं गाव मोठं. तिथला हिशोब तिच्या छोट्या पेटीत मावणारा नव्हता. म्हणून ती तडक तिथे गेली.

"दादा, मोहर फोडा."

"आणि व्यापारी?"

"व्यापारी राजधानीत आहे. गहू इथे आहे."

पाटकऱ्याने मोहर फोडली. आत चाकं होती ती पाटकरणीला चाकं देणाऱ्या तांबटाचीच, त्याच्याच छापाची. आणि दोन चाकांच्या दातांत एक लाल थेंब बसला होता. उन्हाने मोहरेची लाख वितळून फटीतून आत ओघळली होती. पाटकरणीने ती नखाने खरवडली. मूठ फिरली.

"म्हणजे मोहरेनेच पेटी अडवली," पाटकरी म्हणाला. ती हसली नाही. हसायला तिला तोंड नव्हतं.

पाणी सगळ्यांना मिळालं, पण टोकाच्या शेतांना फार उशिरा. मळणीच्या दिवशी म्हाताऱ्याने खळ्यातला गहू ओंजळीत घेतला आणि फुंकर मारली. दाणे पोचट होते, बरेचसे उडून गेले. दोन्ही पाटकरी शेजारीच उभे होते. म्हाताऱ्याने उरलेले दाणे पोत्यात टाकले, आणि ते दोघांनाही फार लागलं.

पुढे पितळी चाक आलं, पण पाटकरणीने ते बसवलं नाही. तिची पेटी उघड्यावर करकरत राहिली, आणि वरच्या गावच्या पेटीला पुन्हा कधी मोहर लागली नाही.

बोध: जी वस्तू उघडायची भीती वाटते ती विकत घेऊनही आपली होत नाही, आणि जी वापरायची लाज वाटते ती स्वतः घडवूनही आपली होत नाही.