द्यायचे हेल्मेट

एकदा एका घाटात खट् असा आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी, एवढाच. घाट उतरणाऱ्या एका तरुणाने तो ऐकला. पुढे आयुष्यात त्याने पुष्कळ आवाज ऐकले, आणि तो ते विसरलाही. पण हा एक आवाज त्याच्या कानातून गेला नाही. तो तरुण आता म्हातारा झाला आहे. ही गोष्ट त्याची, आणि त्याच्याकडे सायकल शिकायला आलेल्या एका साडीच्या व्यापाऱ्याची.

घाटाच्या पायथ्याशी एक लहानसे शहर आहे. तरुणपणी म्हातारा तिथल्या बेकरीतले पाव पत्र्याच्या पेटीत भरून, सायकलवरून घाटमाथ्यावरच्या वस्त्यांना पोचवत असे. शाळा त्याची फारशी झाली नव्हती. बोलणेही हळू, एकेक शब्द जमिनीवर ठेवल्यासारखे. पावाची पेटी सुटली, तरी सायकल सुटली नाही. सकाळी घाट चढू पाहणारी मंडळी त्याच्याकडे येत. चढावर श्वास कसा राखावा, उतारावर ब्रेक थोडा थोडा कसा दाबावा, हे तो त्यांना सांगे. सगळे त्याला आबा म्हणत.

व्यापारी आला तो डॉक्टरांनी दम दिला म्हणून. माणूस मनाने चांगला, हाताने सढळ, तोंडाने अखंड. त्याच सुमारास शहराबाहेरच्या रस्त्यावर सवलतीचे एक मोठे सुपरमार्केट उघडले होते. तिथे साबण आणि तूरडाळ यांच्या मधल्या रांगेत सायकलस्वारांसाठी लागणाऱ्या वस्तूंचा ढीग लावलेला असे. व्यापारी डाळ आणायला जाई आणि ढिगातले काहीतरी ट्रॉलीत टाकून येई. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन म्हाताऱ्यापुढे हजर.

"आबा, हातमोजे! निम्म्या किमतीत!"

त्या मोज्यांचा काळा रंग घामाने तळहातांना लागला. म्हाताऱ्याने त्याचे हात उलटे करून पाहिले.

"शेठ, रंग गेला."

"पहिल्या धुण्यात जातोच, आबा," व्यापारी सवयीने बोलून गेला, आणि मग स्वतःच ओशाळला.

पुढे पंप आला. त्याचे तोंड कुठल्याच चाकाला बसेना. मागे लावायचा लाल दिवा आला. तो पहिल्याच खड्ड्यात निसटून गटारात पडला आणि तिथे लुकलुकत राहिला. व्यापारी गटाराकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा, पडला पण बंद नाही झाला!" घंटी आली, ती वाजवायला गेले की वाजत नसे आणि खड्डा आला की आपोआप किणकिणत असे. रोज सकाळी म्हाताऱ्याचा निम्मा वेळ या वस्तू बांधण्यात, घासण्यात, वाकवण्यात जाई. त्याच्या तोंडून वाकडा शब्द येत नसे, पण उसासे मात्र मोठे होत चालले होते.

"भाव आधी दुप्पट लिहायचा आणि मग निम्मा करायचा, ही युक्ती तुम्हाला माहीत नाही का हो, शेठ? तुमच्याही दुकानावर सेलचा फलक असतो."

"आमची गोष्ट वेगळी, आबा. आमच्याकडे सेल वर्षातून एकदाच."

"कधी?"

"दिवाळी ते गुढीपाडवा."

म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला.

त्याचे स्वस्त वस्तूंशी वैर होते असे कोणी समजू नये. त्याची पाण्याची बाटली आणि पावसाळी टोपी त्याच ढिगातली होती. "टोपी गळली तर डोकं भिजतं, पुसता येतं," तो म्हणे. "जे मोडलं तर पुसता येणार नाही, तेवढं बघून घ्या. बाकी काहीही आणा." व्यापारी मान डोलावी आणि पुन्हा पिशवी घेऊन येई.

एक दिवस पिशवीतून दोन हेल्मेटे निघाली. पिवळ्या पट्ट्याची, अगदी सारखी. एकावर एक फुकट.

"डोकं एक आणि हेल्मेटं दोन?" म्हाताऱ्याने विचारले.

"फुकटचं कोण सोडतं, आबा!"

काही दिवसांनी व्यापारी बाजारात फळवाल्यासमोर उभ्या उभ्याच पडला. सायकल थांबली, पाय टेकायचा राहिला, एवढेच. पण हेल्मेटचा बंद सुटून ते आधीच उडाले, दगडी पायरीवर आपटून दुभंगले आणि डाळिंबांच्या टोपलीपाशी जाऊन पडले. व्यापाऱ्याचे डोके त्या पायरीपासून वीतभर अंतरावर टेकले. त्याने वळून ती पायरी पाहिली.

दुसऱ्याच दिवशी तो मोठ्या शहरात सायकलच्या दुकानात गेला. घासाघीस न करता चांगले हेल्मेट घेतले, सुपरमार्केटातून आणून बसवलेले ब्रेक बदलून घेतले. म्हाताऱ्याला त्याने सारे दाखवले, तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा हसला. शिष्य शिकला, असे त्याला वाटले.

मधल्या काळात म्हातारा एकदा व्यापाऱ्याच्या दुकानात गेला होता. बहिणीची साठी होती, साडी हवी होती. गादीवर बसता बसताच व्यापाऱ्याने विचारले, "आबा, नेसायला की द्यायला?"

साडीच्या दुकानात हा प्रश्न आपण सर्वांनी ऐकलेला आहे. नेसायच्या साड्या कपाटात असतात. द्यायच्या साड्यांचा गठ्ठा वेगळा. वरून चकचकीत, आत विरविरीत. लग्नाकार्यात त्या दिल्या जातात, घेणारी त्या नेसत नाही, पुढच्या लग्नात दुसरीला देते. देणाऱ्याचा मान राहतो, घेणारीचाही राहतो, आणि अंगावर ती साडी कोणाच्याच येत नाही.

"द्यायचीच आहे," म्हातारा सावकाश म्हणाला, "पण तिला नेसायला."

व्यापाऱ्याने हसून कपाट उघडले होते.

तर, पुढच्या रविवारी व्यापारी आपल्या बायकोला घेऊन घाट चढणार होता. तिचे नाव वैजयंती. सायकल ती लहानपणी चालवत असे. पण घाट पहिलाच. "तिला वरून दरी दाखवतो, आणि मग दोघे सुसाट खाली," असे व्यापारी आठवडाभर सांगत होता.

म्हातारा त्याच्या संथ चालीने आधीच वर पोचला होता. माथ्यावर चहाची टपरी आहे. तिच्या शेजारच्या दगडी कठड्यावर तो बसला होता. खालच्या वळणावरून घंटी ऐकू आली. आपोआप किणकिणणारी. म्हाताऱ्याने ती लगेच ओळखली, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

आधी व्यापारी आला, नव्या हेल्मेटमध्ये रुबाबदार. मागून वैजयंती आली, धापा टाकत, पण चेहरा फुललेला. तिच्या सायकलवर ती घंटी होती. तिच्या हातात तेच काळे मोजे होते. आणि डोक्यावर पिवळ्या पट्ट्याचे हेल्मेट. डाळिंबांपाशी फुटलेल्या हेल्मेटचे जुळे भावंड.

म्हाताऱ्याने उठून तिच्या सायकलचा ब्रेक दाबून पाहिला. मूठ पार दांडीला टेकली, चाक फिरतच राहिले.

"हे ब्रेक?"

"माझेच जुने, सुपरमार्केटचे," व्यापारी चहा फुंकत म्हणाला. "काढले ते फेकायचे कशाला? हिच्या सायकलला बसवले. हिला कुठं रोज घाट उतरायचाय! एक दिवस चालतंय की."

म्हाताऱ्याच्या छातीत कळ यावी तसा वैताग उठला. इतके महिने सांगितलेले कुठे गेले? रागाचा शब्द अगदी जिभेवर आला होता. तो त्याने गिळला. मग त्याने जे केले ते टपरीवाल्यालाही समजले नाही. त्याने स्वतःचे हेल्मेट काढून कठड्यावर ठेवले आणि वैजयंतीपुढे हात केला.

"पोरी, तुझं दे जरा."

तिने दिले. ते पिवळ्या पट्ट्याचे हेल्मेट म्हाताऱ्याने आपल्या पिकल्या डोक्यावर चढवले, हनुवटीखाली बंद लावला, तिची सायकल हातात घेतली आणि तोंड उताराकडे केले.

"शेठ, तुम्ही चहा घ्या. मी खाली जाऊन येतो."

त्याने पायडलवर पाय ठेवला, तोच व्यापाऱ्याच्या हातातला पेला सांडला.

"आबा! अहो आबा, थांबा! ते घालून जाऊ नका! त्याचा बंद धरत नाही... आणि त्या सायकलचे ब्रेक लागत नाहीत, मराल ना तुम्ही!"

घाटात त्याचे शेवटचे शब्द परत ऐकू आले. टपरीवाला चहा ओतायचा थांबला. वैजयंती नवऱ्याकडे पाहत राहिली. आपण काय बोललो हे व्यापाऱ्याला सर्वांच्या नंतर कळले.

म्हातारा सायकलवरून उतरला. हनुवटीखालचा बंद सोडायला त्याने बोट घातले, तर खट् असा आवाज झाला आणि बंदाचा तुकडा त्याच्या हातात आला.

"हा आवाज मी याच घाटात ऐकलाय," तो म्हणाला. "मी आणि माझा सोबती, आम्ही दोघं पाव वाहायचो. तो पुढं, मी मागं. उतारावर त्याच्या ब्रेकची सळई मोडली. करवंदीच्या जाळीत पडला म्हणून जगला; पण हात गेला तो गेलाच. सायकल बेकरीच्या मालकानं दिलेली होती. मालक वाईट नव्हता, शेठ. दिवाळीला आमच्या घरी फराळ पाठवायचा. नवी सायकल आली की जुनी आम्हाला द्यायचा, आणि आम्हीही पाया पडून घ्यायचो. पण त्या जुन्या सायकलवरून घाट उतर, असं कोणी त्यालाच म्हटलं असतं, तर तो उतरला नसता."

व्यापाऱ्याने मान खाली घातली होती.

"दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारता. तो घरी विचारायचा राहिला. हे हेल्मेट घालायला की द्यायला? स्वस्त घेतलंत त्याचं काही नाही. जिवावर बेतलं आणि तुम्ही शिकलात. पण जे शिकलात, ते स्वतःच्या डोक्यापुरतंच."

व्यापारी ओठ हलवू लागला. "मला वाटलं... मी काय म्हणतो, वैजू, तुला खरंच..."

"दुपारी दुकानात मीच बसते," वैजयंती मध्येच शांतपणे म्हणाली. "द्यायची साडी मी डोळे मिटून ओळखते. हे हातात घेतल्यावर मला कळणार नाही का?"

म्हाताऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिले. "मग घातलंस कशाला, पोरी?"

तिने काळे मोजे काढले. तळहातांना रंग लागला होता. तो पदराच्या सवयीने ओढणीला पुसत ती म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे म्हणाले, तू पण चल. म्हटलं, निघालोय ना बरोबर. उगीच कशाला काही काढायचं."

धडा एकाला द्यायला गेला आणि लागले दुसरीलाच, असे म्हाताऱ्याला वाटले. त्याने तुटका बंद मुठीत मिटून घेतला.

व्यापारी उठला. त्याने आपले चांगले हेल्मेट काढले आणि बायकोच्या डोक्यावर ठेवले. मागची चकती फिरवून ते तिच्या मापाचे केले. हनुवटीखालचा बंद लावून, दोन बोटे आत घालून पाहिली, जसे म्हाताऱ्याने त्याला शिकवले होते. मग आपली सायकल तिच्या हातात दिली. नव्या ब्रेकची मूठ तिच्या बोटांत धरवून एकदा दाबून दाखवली. चाक जागच्या जागी थांबले.

"अहो, आणि तुम्ही?" तिने विचारले.

त्याने तिची सायकल दांडीला धरली, तोंड उताराकडे केले, आणि बोडक्या डोक्याने, सायकल हातात धरून, पायी घाट उतरू लागला. त्याने मागे वळून पाहिले नाही. वळणाआड दिसेनासा झाल्यावरही, खड्डा येईल तिथे तिथे, ती घंटी किणकिणत राहिली.